तयार घराचा भाव आणि शेतावरचा खर्च

उसाच्या बातमीपत्रात घरबांधणीचे काय काम, असे काही सभासद बंधू विचारतील. काम आहे. ऊस नोंदीसाठी आम्ही शिवारात फिरतो, तेव्हा लागणीचे आणि खोडव्याचे बोलणे संपले की हल्ली हमखास दुसरा विषय निघतो. ‘साहेब, वस्तीवर तयार घर बसवायचं म्हणतोय. फुटाला अमुक भाव सांगितलाय. घेऊ का?’ लोखंडी सांगाडा, पॅनेलच्या भिंती, सगळे वर्कशॉपमध्ये तयार होऊन येणार आणि थोड्या दिवसांत उभे राहणार, असे हे मॉड्यूलर घर. पैसा उसाच्या बिलातूनच जाणार असल्यामुळे शेतकी खात्याने यावर चार शब्द लिहिणे गैर होणार नाही.

या घरांना आमचा विरोध नाही. केंद्र सरकारने १ जानेवारी २०२१ रोजी देशात सहा शहरांत नव्या तंत्राच्या सुमारे हजार-हजार घरांच्या प्रकल्पांची पायाभरणी केली. त्यात इंदूरला पॅनेलची आणि आगरतळ्याला हलक्या पोलादी सांगाड्याची पद्धत घेतली होती. १९६७ चा कोयनेचा भूकंप आठवणाऱ्या मंडळींना हलक्या भिंतीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. आमची तक्रार हिशेबाच्या पद्धतीबद्दल आहे.

एफआरपी म्हणजे काय, हे प्रत्येक सभासदाला पाठ आहे. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यास टनाला ३,५५० रुपये दर ठरला. पण तो कारखान्याच्या गेटवरचा. त्यातून तोडणी-वाहतूक वजा जाते आणि राहील ते आपले. घराचा फुटावरचा भावसुद्धा असाच गेटवरचा असतो, फक्त इथे वाहतूक वजा होत नाही, वर चढते. उसाच्या बिलात पैशापैशाचा हिशेब मागणारा आपला माणूस घराच्या कोटेशनवर मात्र एकच आकडा वाचून सही करतो, याचे आम्हाला नवल वाटते.

एक उदाहरण मांडू. आकडे हिशेबापुरते धरलेले आहेत, बाजारभाव म्हणून कोणी घेऊ नयेत. घर ५०० चौरस फुटांचे, भाव फुटाला १,५०० रुपये. झाले साडेसात लाख. तयार घरावर जीएसटी १८ टक्के, म्हणजे १ लाख ३५ हजार. तो भावात धरला आहे की वेगळा, हे पहिल्यांदा विचारावे. पाया व जोते दीड लाख, ट्रेलर आणि क्रेन ६० हजार, शौचखड्डा व पाण्याची सोय ८० हजार, वीज जोडणी ५० हजार. बेरीज १२ लाख २५ हजार. दीड हजाराचा फूट असा २,४५० ला पडला. तोडणी-वाहतूक जाऊन हातात टनाला २,८०० रुपये येतात असे धरले, तर कागदावरचे घर २६८ टनांचे होते, ते शेतावर येऊन सुमारे ४३८ टनांचे झाले. मधला फरक १७० टन. एकरी ४० टनाने हा सव्वाचार एकरांचा ऊस आहे, आणि त्यातून बेणे, खत, पाणी, मजुरी अजून वजा केलेली नाही.

विटांच्या घराशी तुलना करतानाही दोन्ही तागड्यांत सारखेच घालावे. गावचा गवंडी मजुरीवर कर लावत नाही. सिमेंटवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. उलट तयार घराच्या बाजूचीही एक गोष्ट आहे. बाहेरून २० बाय २५ च्या घराला नऊ इंची भिंत घातली, तर आत सुमारे ४३५ फूट राहतात. दोन इंची पॅनेलमध्ये ४८५ राहतात. पन्नास फुटांची खोली फुकटात मिळाली म्हणा! भाव बाहेरच्या मापावर की आतल्या, ओटा त्यात धरला की नाही, हे मात्र लिहून घ्यावे.

सर्वांत जास्त फसगत पायात होते. ‘घर हलकं आहे, पाया कशाला एवढा?’ असे विक्रेता सांगतो आणि ते पटतेही. आपली जमीन बहुतेक काळी, कसदार, भेगाळणारी. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते. जड घर आपल्या वजनाने ती फुगी थोडीफार दाबून धरते, हलक्या घराला ती उचलते. मग दारे अडकतात, पॅनेलचे सांधे उघडतात आणि पाणी आत येते. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने काळ्या जमिनीसाठी बुडाशी फुगवटा असलेल्या खांबांचा पाया फार पूर्वीच काढला आहे. लहान घराला काळी माती काढून मुरूम भरून दाबणेही चालते, पण किती खोल, ते माती बघून इंजिनिअरने सांगावे. सांगाडा पायाला बोल्टने पक्का हवा, नाहीतर वळवाचा वारा छपराची परीक्षा घेईल. ज्यांच्या जमिनी क्षारपड झाल्या आहेत, त्यांनी खालचे लोखंड मातीपासून चांगले उंच ठेवावे.

रस्त्याचा विचार कोणीच करत नाही. अख्खी खोली ट्रेलरवर येते, म्हणून तिची रुंदी साधारण साडेआठ फुटांत बसवावी लागते. त्याहून मोठी खोली म्हणजे दोन तुकडे जोडणे आले. ज्या पाणंदीत फेब्रुवारीतही उसाची ट्रॉली रुतते, तिथून हा ट्रेलर आणि मागून क्रेन कशी येणार? वरून विजेच्या तारा लोंबत असतात ते निराळेच. अशा ठिकाणी सुटे पॅनेल ट्रॅक्टरने नेऊन जागेवर जोडण्याचा प्रकार बरा, मजुरी थोडी जास्त गेली तरी.

पोराचे लग्न झाले की वर एक मजला चढवू, हा आपला पिढीजात हिशेब. या घरात तो चालत नाही. मजला हवा असेल तर सांगाडा आणि पाया आधीच तसा करून घ्यावा लागतो, आणि भाव बदलतो. माळ्यावर धान्याची पोती ठेवायची असली तरी हेच. बँकेचे कर्ज घेणार असाल तर शेतजमिनीवरच्या अशा घराला बँक तारण मानते का, हे आगाऊ रक्कम देण्यापूर्वी विचारा. आणि रकमेचा शेवटचा भाग पहिला पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवण्याची अट करारात घाला. न गळणारे घर विकणाऱ्याला ही अट जड जाऊ नये.

आमच्या मते कामगारांची खोली, मोटारीची खोली, वस्तीवरची राखण यांसाठी हे घर आजही सोयीचे आहे. सबंध कुटुंबाचे घर करायचे असेल, तर वरचा हिशेब आपल्या जागेचे आकडे घालून एकदा कागदावर उतरवावा, आणि पुढच्या लागणीच्या बेण्या-खताचा पैसा त्यात धरू नये.

जाता जाता आमच्या खात्याचे एक. थर्माकोल भरलेले पॅनेल आग लगेच धरते, फोमचेही आगरोधक असल्याची खात्री करूनच घ्यावे. घर उसाच्या बांधाला असेल तर पाचट पेटवणे बंदच करा. तसेही ते सरीत कुजवा म्हणून आम्ही कधीपासून सांगतो आहोत.