मशीन घ्या, पण आधी घरात विचारा

यंदा जुलैमध्ये आमच्या दोन खोल्यांत तीन दोऱ्या बांधलेल्या होत्या. मुलीचा गणवेश, माझे कुर्ते, अम्मीच्या ओढण्या. चार-चार दिवस काही वाळत नव्हते आणि घरभर कुबट वास. महागाई भत्त्याच्या फरकाचे पैसे हातात आले होते. धुऊन वाळवूनही देणारे मशीन घ्यायचे ठरवून मी एका रविवारी एकटाच दुकानात गेलो.

दुकानदाराने विचारले, "सर, मोरीत जागा किती? पाणी किती वेळ येते? नळाला जोर आहे का?" मला एकाही प्रश्नाचे उत्तर आले नाही. अभ्यास न करता आलेल्या पोरांना मी वर्गात उभे करतो. त्या दिवशी मीच उभा होतो.

घरी येऊन बायकोला विचारले. पोळी लाटता लाटताच ती म्हणाली, "मोरी तेवीस इंच. पाणी सकाळी पाऊण तास. टाकी आपल्याच डोक्यावर, म्हणून धार बारीक." वीस वर्षे कपडे तिने धुतले आणि मशीन निवडायला गेलो मी!

मग दोघांनी मिळून चौकशी केली. समोरून दार उघडणारी बहुतेक मशीन 60 सेंटीमीटर, म्हणजे सुमारे चोवीस इंच रुंद. शिवाय दार उघडायला पुढे जागा हवी. धुणे-वाळवणे एकत्र करणाऱ्या मशीनमध्ये जेवढे कपडे धुता येतात, तेवढे एका वेळी वाळत नाहीत. निम्मे-अर्धे बाहेर काढावे लागतात. सगळे आटोपायला कित्येक तास जातात आणि वीजही बरीच लागते. वेगळा ड्रायर घेतला, तर काहींना वाफ बाहेर सोडायला भिंतीतून नळी काढावी लागते. ती काढली नाही, तर कपड्यांतला ओलावा घरातच राहतो.

अम्मीचा प्रश्न वेगळा होता : "मशीनमध्ये कपडे पाक होतात का?" प्रश्न रास्त आहे. नमाज त्याच कपड्यांत पढायची. त्यावर आमच्या घरापुरता तोडगा असा निघाला, की नापाक झालेला कपडा आधी नळाखाली वेगळा धुवायचा आणि मशीनवर जादा खंगाळण्याचे बटण दाबायचे.

शेवटी वरून झाकण उघडणारे साधे मशीन घेतले. ते मोरीत बसते आणि धार बारीक असली, तर बादलीने पाणी ओतता येते. पाणी थोडे जास्त लागते, हे खरे. उरलेल्या पैशांत दोरीने वर ओढायचे कपड्यांचे स्टँड छताला लावले आणि खाली टेबलफॅन. मशीन कपडे चांगले पिळते, त्यामुळे पंख्याखाली ते रात्रीतून बरेच वाळतात.

माझे मत एवढेच आहे. लहान घरात वस्तू निवडण्याचा पहिला हक्क ती रोज वापरणाऱ्याचा. आपण पुरुष किंमत विचारतो, हप्ते मोजतो आणि निवड केल्याचे समाधान मिरवतो. पण मोरीची रुंदी आपल्याला माहीत नसते. पैगंबर साहेब स्वतःचे कपडे स्वतः शिवत, हे आपण मुलांना कौतुकाने सांगतो आणि आपला सदरा मात्र दारामागे टांगून निघून जातो.

आता रविवारचे कपडे मी धुतो. पहिल्याच रविवारी मुलीच्या पांढऱ्या सलवारीला लाल रंग लागला. बायको काही बोलली नाही, फक्त हसली. पुढच्या रविवारी मी रंगीत कपडे वेगळे काढले.