लाइट गेली वाटलं!

परभणीच्या बसस्थानकावर परवा एक पोरगा दिसला. अंगात काळा टी-शर्ट. छातीवर पिवळा गोल चेहरा, डोळ्यांच्या जागी फुल्या, जीभ एका बाजूला लोंबलेली आणि वर रोमन अक्षरांत ‘निर्वाणा’. राहवलं नाही म्हणून विचारलं, हे कोण रे? “कंपनी हाय ना काका,” तो म्हणाला. त्याला काही समजावून सांगायला जाणार होतो, पण त्याची गंगाखेडची गाडी लागली आणि कंपनीचा विषय तिथंच राहिला.

तसं पाहिलं तर शब्द आपलाच. 6 डिसेंबर जवळ आला की नांदेडकडून येणाऱ्या मुंबईच्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. परभणीच्या फलाटावरून माणसं दादरच्या चैत्यभूमीकडे निघतात, महापरिनिर्वाण दिनासाठी. ज्या घरांत हा शब्द रोजच्या बोलण्यातला आहे, तिथल्या लहान मुलालाही तो जड वाटत नाही. तोच शब्द समुद्र ओलांडून अमेरिकेच्या वायव्य टोकाला गेला, तीन पोरांच्या बँडचं नाव झाला आणि टी-शर्टवर बसून परत मराठवाड्यात उतरला. निर्वाण म्हणजे विझणं. त्या नावाखाली या तिघांनी जो कल्लोळ केला, तो काही अजून विझलेला नाही.

‘नेव्हरमाइंड’ हा त्यांचा अल्बम 24 सप्टेंबर 1991 रोजी बाजारात आला. कर्ट कोबेन गाणारा आणि गिटारवर, क्रिस्ट नोव्होसेलिक बेसवर, डेव्ह ग्रोल ड्रमवर. रेकॉर्ड कंपनीलाही फार आशा नव्हती, अमेरिकेत सुरुवातीला जेमतेम 46 हजार प्रती दुकानांत धाडल्या. जानेवारी 1992 मध्ये त्याच अल्बमनं मायकल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला पहिल्या क्रमांकावरून खाली ओढलं. पुढं जगभरात तीन कोटींच्या आसपास प्रती खपल्या. या संगीताला ‘ग्रंज’ म्हणतात. ग्रंज म्हणजे कळकट. चुरगळलेले चौकड्यांचे शर्ट, न विंचरलेले केस, गिटारचा मुद्दाम खरखरीत ठेवलेला सूर. कोबेननं एप्रिल 1994 मध्ये, वयाच्या 27व्या वर्षी, स्वतःला संपवलं. तिथं बँडही संपला.

कोबेनचं गाव अॅबर्डीन. लाकूडतोडीवर जगणारं, पावसाळी. धंदा बसत गेला तशी पोरं बाहेर पडू लागली. कोबेनला ते गाव आवडलं नाही आणि त्यानं ते लपवलंही नाही. तो गेल्यावर गावानं वेशीवरच्या स्वागताच्या पाटीवर त्याच्याच एका गाण्याचं नाव रंगवलं. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ हे टोमण्यासारखं ऐकत आणि ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं त्यावर ठणकावत आपण मोठे झालो. गंगाखेडची जनी लहानपणीच पंढरपूरला नामदेवांच्या घरी गेली. आज गंगाखेडची ओळख सांगताना पहिलं नाव तिचंच येतं. रात्री पुण्याच्या ट्रॅव्हल्समध्ये बसवून दिलेल्या पोरांपैकी कुणाचं नाव उद्या वेशीवर लागेल, हे आज वेशीवर उभ्या असलेल्यांना कधी कळलेलं नाही.

हा अल्बम का टिकला, याचं एक ठरीव उत्तर आहे: त्यानं एका पिढीच्या रागाला आवाज दिला. मला ते पटत नाही. रागच ऐकायचा तर मराठवाड्याला तो अमेरिकेतून मागवायची गरज नाही. आपल्याकडच्या रागाला पत्ता असतो. आंबेडकरी जलशातला शाहीर नाव घेऊन बोलतो, शेतकरी कापसाच्या भावावर बोलतो. जनीनं तर थेट विठ्ठलालाच फैलावर घेतलं. कोबेनच्या रागाला पत्ताच नाही. त्याचे शब्द तिकडच्या पोरांनाही धड कळत नव्हते, मग तेव्हा वसतिगृहात राहणाऱ्या आम्हाला काय कळणार? नुसत्या रागावर गाणं हंगामभर चालतं. तीन दशकं चालायला आत काहीतरी पक्कं लागतं.

ते पक्कं काय, हे आपल्या सप्ताहात बसलेल्या माणसाला चटकन कळेल. चांगला कीर्तनकार आवाज आधी खाली आणतो. इतका खाली, की मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या पदर कानामागं सारून पुढं सरकतात. टाळकरी हात आवरून उभे असतात. मृदंगावर नुसती बोटं फिरत असतात. आणि मग एका क्षणी गजर उसळतो, अन् मंडप हलतो. ‘नेव्हरमाइंड’ची कितीतरी गाणी याच चालीची आहेत: कडवं पुटपुटल्यासारखं, धृपद अंगावर येणारं. ही युक्ती आपण ‘पिक्सीज’ या बँडकडून उचलली, असं कोबेननंच सांगून टाकलं होतं. त्या आरडाओरड्याच्या खाली गुणगुणता येईल अशी सरळ चाल असते, कारण तो बीटल्सवर वाढलेला. निर्माता बुच व्हिग त्याला म्हणायचा, तेच कडवं परत गा, दोन आवाज एकावर एक ठेवू. कोबेनला ती लबाडी वाटायची. शेवटी व्हिगनं सांगितलं, जॉन लेनन असंच करायचा. मग गडी मुकाट्यानं गायला. पुढं त्याला हा अल्बम फारच घासूनपुसून केलेला वाटू लागला आणि त्याबद्दल तो कुरकुरत राहिला. माझ्या मते तो टिकला त्या घासण्यापुसण्यामुळंच. कळकटपणा वरचा होता.

आपल्याकडं मात्र या सगळ्यातून फक्त दणका आला. लग्नाची वरात असो की मिरवणूक, डीजेची भिंत पहिल्या ठोक्यापासून टिपेला. खिडकीची तावदानं थरथरतात, पण गाणं वर कुठं जात नाही, कारण ते कधी खाली आलेलंच नसतं. आवाज कमी करा म्हणणारा तिथं उगाच म्हातारा ठरतो. मी त्यांना आवाज कमी करा म्हणत नाही. आधी जरा कमी करा आणि मग वाढवा, एवढंच म्हणतो.

या अल्बममधलं शेवटचं गाणं ‘समथिंग इन द वे’. स्टुडिओत तिघांनी मिळून वाजवून पाहिलं, जमेना. मग कोबेन यंत्रांच्या खोलीत आला, सोफ्यावर आडवा झाला आणि नीट सुरातही नसलेल्या जुन्या गिटारवर जेमतेम ऐकू येईल असं गाऊ लागला. व्हिगनं फोन बंद केले आणि माइक तिथंच आणून लावले. बाकीची वाद्यं नंतर त्या बेसूर गिटारला जुळवून घेत बसली. ड्रम बडवण्यासाठीच ज्याची ख्याती, त्या ग्रोललाही हात राखून वाजवावं लागलं. हे गाणं 2022 मध्ये ‘द बॅटमॅन’ सिनेमात आलं आणि अल्बम आला तेव्हा ज्यांचा जन्मही झाला नव्हता ती पोरं ते शोधू लागली.

आम्ही ते ऐकलं कृषी विद्यापीठाच्या वसतिगृहात, कुणीतरी पुण्याहून आणलेल्या सीडीवर. भारनियमनाचे दिवस. थंडी होती, म्हणून पंखा बंद. दिवा मालवून चौघं पांघरुणात. शेवटचं गाणं संपलं आणि सगळं गप्प झालं. “गेली लाइट,” एकजण म्हणाला. कुणी उठलं नाही. त्या काळात गेलेल्या लाइटसाठी उठत नसत. दोघांना डोळाही लागला. सीडीवरच्या त्या शेवटच्या गाण्यामागं दहाएक मिनिटांची शांतता सोडून एक गाणं दडवलेलं आहे, हे आम्हाला कुठं ठाऊक? पहिल्या काही प्रतींत तर ते चुकून राहूनच गेलं होतं. आमच्या सीडीत ते होतं. अंधारात अचानक गिटार किंचाळल्या, ड्रम कोसळले, एकजण कॉटवरून खाली आला, आणि ज्याला सगळ्यात गाढ झोप लागली होती तो उठून बसत ओरडला, “लाइट आली रे, मोटार चालू करा!”