बांबू फुटतो, छिद्राचे पेर लगेच मिळत नाही

राओर्चेस्टिस चालाझोड्स हा दक्षिण पश्चिम घाटातला, जेमतेम अडीच सेंटिमीटरचा झळाळत्या हिरव्या रंगाचा झुडुपी बेडूक. 1876 मध्ये प्राणिशास्त्रज्ञ गुंथर यांनी त्याचे वर्णन केले, त्यानंतर शतकाहून अधिक काळ तो कुणालाच दिसला नाही; 2011 मध्ये पुन्हा सापडल्याचे जाहीर झाले. आययूसीएनच्या लाल यादीत त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली आहे.

हा बेडूक बांबूच्या पेरात प्रजनन करतो. बांबू हे गवत आहे, तोडले तरी पुन्हा फुटते, म्हणून तोडीने बेडकाचे बिघडत नाही, हे म्हणणे टिकणारे नाही. ऑक्लँड्रा बांबूच्या पोकळ पेराला तळाशी अरुंद छिद्र असेल, तरच नर आत शिरतो. तिथेच मादी मोजकी अंडी घालते. या अंड्यांतून बेडूकमासे नव्हेत, थेट चिमुकले बेडूक बाहेर पडतात, आणि तोवर नर पहारा देतो. धोका मुंग्यांचा असतोच, पण स्वजातीच्या नरांचाही असतो. छिद्रे बेडूक पाडत नाही. ती कीटकांसारखे इतर जीव पाडतात. नव्या कोंबाला ती नसतात. कागदाच्या लगद्यासाठी आणि चटयांसाठी बेट सरसकट कापले, की अंड्यांसकट तयार घरे जातात. पावसाळा हा प्रजननाचा काळ. निदान तेव्हा तरी तोड पूर्ण थांबवावी आणि प्रत्येक बेटात जुनी, छिद्रे पडलेली खोडे राखावीत.