मनगटावरची मिळकत

आमच्या दादांच्या मनगटावर एक घड्याळ आहे. दादा म्हणजे माझे थोरले बंधू. १९७८ साली बोनस हाती पडला, त्यातून वर्षाचे धान्य भरून झाले, वहिनींची साडी झाली, आणि उरल्या पैशांत थोडी उसनवारी करून दादांनी ते घेतले. त्या उसनवारीवरून वहिनी पुढे दहा वर्षे बोलत होत्या! घड्याळ मोठे गुणी. त्याला किल्ली द्यावी लागत नाही की सेल घालावा लागत नाही. हातावर बांधून माणूस हिंडू-फिरू लागला की ते आपले आपण चालते. दादांनी नोकरीची सारी वर्षे लोकलची दांडी त्याच हाताने धरली, आणि घड्याळाने कधी तक्रार केली नाही.

तीन वर्षांपूर्वी दादांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू लुळी पडली. इस्पितळातून घरी आल्यावर त्यांनी पहिली गोष्ट मागितली ती घड्याळ. वहिनींनी ते हलवून चालू केले, वेळ लावली आणि नेहमीच्या डाव्या हातावर बांधले. तिसऱ्या दिवशी ते बंद पडले. पुन्हा चालू केले, पुन्हा बंद. मी ते घेऊन घड्याळजीकडे गेलो. त्याने डोळ्याला भिंग लावून मागचे झाकण उघडले, आत पाहिले, झाकण बसवले, घड्याळ कानाशी धरून दोनदा हलवले आणि माझ्या हातात परत दिले.

"काका, याला काही झालेलं नाही. ज्यांचं आहे ते आजारी आहेत का?"

मी चकित होऊन मान हलवली. त्याने पैसे घेतले नाहीत.

या सदराच्या वाचकांना माझी खोड ठाऊक आहेच. एखाद्या गोष्टीने मला गप्प केले की मी तिच्या मागे लागतो. तेव्हा दिवाळीच्या फराळासोबत आज हे घड्याळ उघडून पाहू.

त्याच्या पोटात एक अर्धचंद्राकृती वजन असते, मधोमध खिळीवर फिरणारे. हात हलला की ते झोका घेते; त्या झोक्याने बारीक चाके फिरतात आणि स्प्रिंग गुंडाळली जाते. पुरती गुंडाळलेली स्प्रिंग साधारण दीड-दोन दिवस घड्याळ चालवते. युक्ती जुनी आहे. अठराव्या शतकात स्वित्झर्लंडच्या आब्राहाम-लुई पेरले यांच्यासारख्या कारागिरांनी खिशातल्या घड्याळांवर ती करून पाहिली होती. पण खिशातले घड्याळ मनगटाइतके कुठे हलते? पहिल्या महायुद्धानंतर घड्याळ खिशातून मनगटावर आले, आणि जॉन हारवुड या इंग्रज घड्याळजीने १९२४ साली स्वित्झर्लंडमध्ये आपल्या स्वयंचलित मनगटी घड्याळाचे पेटंट मिळवले. युक्ती तीच, फक्त तिला राहायला योग्य जागा मिळाली!

आज जगभरच्या प्रयोगशाळांत याच युक्तीचा नवा अवतार चालू आहे. लहान लहान विजेरी उपकरणे सेल न बदलता चालावीत, आसपास वाया जाणाऱ्या शक्तीवर त्यांनी आपले पोट भरावे, असा तो प्रयत्न. शेतात कापणी झाल्यावर पडलेली कणसे वेचून आणतात, त्याला आपण सरवा म्हणतो. हा शक्तीचा सरवा आहे.

आता हा सरवा किती मिळतो ते पाहू. एका वॅटचे दहा लाख भाग केले तर त्यांतला एक भाग म्हणजे मायक्रोवॅट. साधे सेलवरचे क्वार्ट्झ घड्याळ एक-दोन मायक्रोवॅटवर भागवते. भर दुपारच्या उन्हात एक चौरस सेंटिमीटर जागेवर सुमारे १०० मिलिवॅट शक्ती पडते, आणि चांगला सौर घट तिच्यातली पाचव्या हिश्शाची वीज करतो. पण तोच घट घरात दिव्याखाली आणला की कमाई हजारपटींनी उतरते. दहा-वीस मायक्रोवॅट पदरात पडले तरी पुष्कळ. दुकानदाराच्या गल्ल्यावरचा सौर कॅल्क्युलेटर एवढ्याच मिळकतीवर बेरजा करतो.

उष्णतेचेही तसेच. दोन धातूंचे सांधे वेगवेगळ्या तापमानांवर ठेवले तर वीज वाहते, याचा शोध झेबेक यांना १८२१ साली लागला. त्याच तत्त्वावर जपानच्या सेको कंपनीने १९९८ साली अंगाच्या उबेवर चालणारे मनगटी घड्याळ काढले. आणि काही स्फटिक असे असतात की दाबले की वीज देतात. पिअर आणि जाक क्युरी या भावांनी हे १८८० साली दाखवून दिले. स्वयंपाकघरात गॅस पेटवायचा लायटर 'टक्' करतो ना, तो त्याच तत्त्वावर ठिणगी पाडतो. त्यात सेल नसतो. बोटाने बटण दाबले की त्या दाबण्यातूनच वीज निर्माण करून दिव्याला बिनतारी संदेश पाठवणारी बटणेही निघाली आहेत. त्यांना ना सेल, ना भिंतीतली तार.

इतके वाचल्यावर एखादा वाचक विचारील, "मग आमचा मोबाईल चालता चालता का भरत नाही?" हिशेब सोपा आहे. मोबाईलच्या बॅटरीत साधारण १५ वॅट-तास शक्ती मावते. मनगटावरच्या वजनाकडून १० मायक्रोवॅट मिळतात असे धरा. त्या दराने एकदा मोबाईल भरायला सुमारे १७० वर्षे लागतील! म्हणून कोणी चालता-बोलता मोबाईल भरणारी जादूची वस्तू विकायला आणली तर आधी असा त्रैराशिकाचा हिशेब मांडावा.

मुद्दाम हात चालवला तर गोष्ट निराळी. हाताने दांडा फिरवून माणूस काही वॅट सहज देऊ शकतो. ट्रेव्हर बेलिस या इंग्रज संशोधकाने १९९१ साली आफ्रिकेतल्या एड्सच्या साथीवरचा एक कार्यक्रम पाहिला. रोगाची माहिती रेडिओवरून द्यावी, तर खेड्यांत वीज नाही आणि सेल परवडत नाहीत, अशी तिथली अडचण. बेलिस यांनी खेळण्यातल्या मोटारीची विजेची मोटर घेतली, गाणाऱ्या पेटीतली किल्लीची यंत्रणा घेतली, त्यांना एक लहान रेडिओ जोडला आणि किल्लीवर चालणारा रेडिओ करून दाखवला. पुढे तो दक्षिण आफ्रिकेत कारखान्यात तयार होऊ लागला.

पण जे उपकरण एकटेच कुठेतरी पडून राहायचे, पुलाच्या कमानीवर किंवा कारखान्यातल्या मोटरच्या पाठीवर, त्याला किल्ली कोण देणार? त्याला सरव्यावरच जगले पाहिजे. आणि इथे कमाईपेक्षा खर्चाची अक्कल महत्त्वाची ठरते. समजा एका उपकरणाला १० मायक्रोवॅट मिळतात आणि बिनतारी संदेश पाठवायला ३० मिलिवॅट, म्हणजे मिळकतीच्या तीन हजारपट शक्ती लागते. अशक्य वाटते. पण संदेशाला वेळ किती लागतो? सेकंदाचा शंभरावा भाग. तेवढ्यासाठी लागणारी पुंजी अर्ध्या मिनिटाच्या कमाईत जमते. म्हणून ही उपकरणे बहुतेक वेळ झोपलेली असतात. मधूनच जागी होतात, तापमान किंवा हादरा मोजतात, दोन शब्द कळवतात आणि पुन्हा झोपी जातात. बेताच्या पगारात लग्नकार्ये पार पाडणाऱ्या कुटुंबांना हे अर्थशास्त्र शिकवायला नको.

अर्थात जमवायचे तर ठेवायचे कुठे, हा प्रश्न राहतोच. दादांच्या घड्याळात ते काम स्प्रिंग करते. विजेच्या उपकरणात दोन सोयी आहेत. एक कपॅसिटर. मोठ्या कपॅसिटरचे, ज्याला सुपरकपॅसिटर म्हणतात त्याचे, मूळ पेटंट अमेरिकेत १९५७ सालचे. सच्छिद्र कोळशाच्या अफाट पृष्ठभागावर तो विजेचा भार धरून ठेवतो. तो झटकन भरतो आणि लाखो वेळा भरला-रिकामा केला तरी कुरकुरत नाही. पण त्याच्यात मावते थोडे आणि तेही हळूहळू झिरपून जाते. पाझरणारा माठच म्हणा. दुसरी सोय म्हणजे पुन्हा भरता येणारा सेल. लिथियम-आयनचा असा सेल १९९१ साली बाजारात आला, आणि तो ज्यांच्या संशोधनावर उभा आहे त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्यात पुष्कळ मावते आणि गळते कमी. पण भरण्या-रिकामे होण्याच्या प्रत्येक फेरीत तो किंचित झिजतो. ही कणगी भक्कम खरी, पण तिला वाळवी लागलेली.

सेकोने १९८८ साली असे घड्याळ विक्रीस आणले की ज्यात डुलणारे वजन स्प्रिंग गुंडाळण्याऐवजी एक चिमुकले जनित्र फिरवते आणि वीज कपॅसिटरमध्ये साठते. पुढे कपॅसिटरच्या जागी भरता येणारा लिथियमचा सेल आला. वजन पिढ्यानपिढ्या डुलेल. आधी थकते ती साठवण. या विद्येतले सारे कोडे बहुतेक तिथेच अडले आहे. असो.

घड्याळजीकडून परत आलो आणि वहिनींना सारे सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी गेलो तर घड्याळ त्यांच्या हातावर! एवढे मोठे पुरुषी घड्याळ, पट्टा शेवटच्या भोकापर्यंत ओढलेला. कणीक मळताना, केर काढताना, दादांचे अंथरूण बदलताना ते त्यांच्या हातावर असे. रात्री कामे आटोपली की त्या ते दादांच्या उशाशी ठेवत. म्हणाल्या, "भाऊजी, त्यांना रात्री झोप नसते. वेळ तरी बरोबर दिसू दे." पाच महिने ते घड्याळ वहिनींच्या कामावर चालले. घरात एक बाई दिवसभरात किती हलते याचा हिशेब आजवर कोणी केला नव्हता. तो त्या स्प्रिंगने केला.

मग एके दिवशी त्यांनी ते पुन्हा दादांच्या डाव्या हातावर बांधले आणि म्हणाल्या, "आता तुम्हीच चालवा."

दादा चिडले. हात उचलेना. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीचे ते मुळीच ऐकत नसत; पण घड्याळ बंद पडलेले त्यांना खपत नसे. ते उजव्या हाताने डावा हात धरून हलवू लागले. पुढे पुढे डावा हात आपला आपण थोडा हलू लागला. पहिल्यांदा घड्याळ अर्धा तास चालले. ते कधी थांबले हे वहिनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहीत. दहा वाजून पाच. अकरा वाजून वीस. त्या आकड्यांवरून हात रोज किती हलला ते कळे. मिळकत हेच मोजमाप झाले होते. पुढे वाचताना समजले की काही उपकरणे मुद्दाम अशीच बनवतात. यंत्राच्या कंपातून मिळणारी वीज हीच त्यांची कंप मोजण्याची पट्टी असते. वहिनींना ते कोणी सांगितले नव्हते.

डावा हात पूर्वीसारखा झाला नाही, होणारही नाही. दादा काठी घेऊन गॅलरीपर्यंत जातात. गेल्या लक्ष्मीपूजनाला आम्ही सगळे त्यांच्याकडे होतो. पूजेच्या पाटावर वहिनींनी जमाखर्चाच्या वहीशेजारी ते कॅलेंडरही ठेवले होते. मी पाने उलटून पाहिली. शेवटच्या तीन आठवड्यांच्या चौकटी कोऱ्या होत्या.

"लिहायचं सोडलंत का?" मी विचारले.

"थांबलं तर लिहू ना!" वहिनी म्हणाल्या, आणि समईत तेल घालायला उठल्या.