फितीवरचा आवाज

व्यापारी घरात तीन पिढ्यांपूर्वीची खतावणी मागितली तर ती कपाटातून हातात येते. परंतु आजीचा आवाज ज्या एकमेव व्हीएचएस कॅसेटवर उमटला आहे, ती मात्र माळ्यावर धूळ खात पडलेली असते. विवाह, वास्तू, १९९३ च्या महामस्तकाभिषेकाची श्रवणबेळगोळ यात्रा, असे कितीतरी प्रसंग त्या काळ्या डब्यांत बंद आहेत. जपानमध्ये १९७६ साली बाजारात आलेल्या या पद्धतीची यंत्रे बनवणारी अखेरची कंपनी, फुनाई, हिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. म्हणून आता चालू असलेला जुना व्हीसीआर हेच खरे धन होय.

कळंबोली खाडीलगतच्या सखल भूमीवर वसलेली आहे. पावसाळ्यात येथील हवा ओलसर असते. त्यामुळे पहिली अडचण बुरशीची. कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली, तर ती यंत्रात घालू नये. यंत्राचे हेड खराब होते आणि पुढील प्रत्येक कॅसेटला तोच दोष लागतो. अशी फीत जाणकाराकडेच द्यावी. बुरशीत जीव मानणाऱ्या घराला वेगळे सांगायला नको, की ती उत्पन्नच होऊ न देणे हा श्रेष्ठ उपाय. कॅसेटी कोरड्या जागी, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात.

चांगली दिसणारी फीत प्रथम शेवटपर्यंत पुढे व मग मागे गुंडाळून घ्यावी. चिकटलेले थर सुटतात. चित्रावर सर्वत्र पांढरे ठिपके आले, तर बहुधा हेड मळलेले असते. यंत्र विजेपासून तोडून, साध्या कोऱ्या कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओली करून ढोलावर स्थिर धरावी आणि ढोल हाताने सावकाश फिरवावा. वरखाली घासू नये; हेड तुटते. चामड्याच्या पट्टीची यासाठी मुळीच आवश्यकता नाही. आडवी पट्टी वरखाली सरकत असेल, तर ट्रॅकिंगचे बटण फिरवून पाहावे.

संगणकाच्या पडद्यावर काहीच दिसत नसेल, तर पिवळी तार व्हीसीआरच्या ‘आउट’मध्येच आहे ना, हे पाहावे, पांढरी व लाल तार ध्वनीची. चित्र काळे-पांढरे किंवा घसरते दिसले, तर सॉफ्टवेअरमध्ये एनटीएससी निवडलेले असण्याचा संभव अधिक. भारतातील कॅसेटी पाल पद्धतीच्या, सेकंदाला २५ चित्रांच्या. अमेरिकेतील नातलगांनी पाठवलेली कॅसेट मात्र एनटीएससीची असते. तिला ती पद्धत वाचणाराच व्हीसीआर लागतो. मधूनच पडदा निळा होत असेल, तर व्हीसीआरच्या यादीतील निळ्या पडद्याची सोय बंद करावी; दुर्बल झालेले चित्र तरी हाती लागते.

सर्वांत मनस्ताप देणारा दोष म्हणजे ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. संगणक मधली चित्रे गाळतो, त्याचा हा परिणाम. रूपांतर करणारे उपकरण हबमधून न जोडता थेट संगणकाला जोडावे, अन्य कामे बंद ठेवावीत आणि ध्वनी ४८ किलोहर्ट्झवर ठेवावा. एवढ्याने भागले नाही, तर फितीचा डळमळता संकेत स्थिर करणारे टाइम बेस करेक्टर मध्ये जोडावे लागते.

तयार झालेली पहिली मोठी फाइल म्हणजे मुद्दल. डीव्ही प्रकारात तासाला सुमारे १३ गीगाबाइट जागा लागते. म्हणून ती लहान करून मूळ पुसण्याचा मोह होतो. काटछाट, रंगसुधारणा व मोबाइलवर पाठवण्याच्या प्रती यांसाठी नक्कल वापरावी; मुद्दलाला हात लावू नये. त्याच्या दोन प्रती वेगवेगळ्या डिस्कवर ठेवाव्यात, एक दुसऱ्या घरी. प्रत्येक फाइलला प्रसंग, वर्ष व दिसणाऱ्या व्यक्तींची नावे द्यावीत.

ही नावे सांगणारे वडीलधारे आज घरात आहेत. यंत्र दुरुस्त होईल, तार नवी मिळेल. मागच्या रांगेत उभी असलेली ती आत्या कोण, हे सांगणारे माणूस मात्र पुन्हा मिळणार नाही. म्हणून पहिली कॅसेट त्यांना शेजारी बसवूनच लावावी.