चौथ्याची वाट

लहानपणी कॉम्प्युटरवर खेळलेल्या एका गेमचं नाव कित्येक वर्षं आठवत नव्हतं. खाली तोफ, वर हेलिकॉप्टर, एवढ्यावरून कुणालाच ओळखता येईना. परवा लेहला मेसमध्ये मित्राने विचारलं, "त्यात तू हरायचास कसा?" म्हटलं, "एका बाजूला चार छत्रीधारी उतरले की एकमेकांच्या खांद्यावर चढून तोफ उडवायचे."

"अरे, पॅराट्रूपर! १९८२ चा."

माझं मत, विसरलेला गेम असाच शोधावा. चित्रं पुसट होतात, हार लक्षात राहते. तेव्हा ते चौघे नुसते शत्रू वाटायचे. आज वर्दीत कळतं, उतरलेले तिघे चौथ्याची वाट बघत उभे असायचे. तोफेवर मी मात्र एकटाच होतो.