भूकंपाला मदत मिळते, भुकेला का नाही?



३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबादची जमीन हादरली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं झोपेतच गाडली गेली. दहा हजारांच्या घरात माणसं मेली. गणपती विसर्जन आटपून लोक दमून झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं माळवद, सगळं अंगावर आलं.

त्यानंतर मुंबईनं जे केलं ते चांगलंच केलं, हे आम्ही आधी सांगतो. आपल्या पाड्यांवरची पोरं वरळीला नाक्यावर उभी राहून बांधकामाची मजुरी करतात. त्यांनी तिथं चादर धरून निघालेल्या मदतफेऱ्या पाहिल्या. बीडीडी चाळीतल्या बायांनी रुपया टाकला, कुणी भांडं दिलं, कुणी घोंगडी. ८२ च्या संपात ज्यांची गिरणी सुटली त्यांनीसुद्धा खिशात हात घातला. अशा माणसांना नावं ठेवणारे आम्ही कोण?

पण एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, १९९२ साली, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात जव्हारच्या वावर-वांगणीला पोरं उपाशीपोटी आणि आजारानं मेली. वरळीपासून किल्लारी जेवढी लांब, त्याच्या निम्म्याहून जव्हार जवळ. तेव्हा आपल्या पोरांना वरळीत एकही चादर दिसली नाही. असं का?

शहराचं काळीज दगडाचं आहे म्हणून नाही. आम्हाला त्याची तीन कारणं दिसतात.

पहिलं, भूकंप एका रात्रीत येतो आणि डोळ्यांना दिसतो. वरळीलाच दूरदर्शनचं केंद्र आहे. तिथून पडलेल्या घरांची चित्रं घराघरात गेली आणि लोकांना घास गिळवेना. भूक मात्र दर आषाढ-श्रावणात येते, हळूहळू मारते. दरवर्षीची गोष्ट ती, तिची बातमी कोण करणार?

दुसरं, भूकंपाला कुणी गुन्हेगार नसतो. पैसे टाकले की माणूस मोकळा. पण पोर भुकेनं मेलं तर विचारावं लागतं की याच्या बापाची जमीन कुणाकडे गेली? प्लॉट कसतो तरी नावावर का नाही? हमीचं काम का निघालं नाही? रेशनचं दुकान बंद का, डॉक्टर जागेवर का नाही? याची उत्तरं सावकाराकडे, ठेकेदाराकडे आणि सरकारकडे जातात. दान देणाऱ्याला तिथपर्यंत जायचं नसतं.

तिसरं कारण कडू आहे. आपली भूक ही आपलीच चूक आहे असं पुष्कळांना वाटतं. आदिवासी अडाणी, दारू पितात, पोरं फार होतात, असं बोलतात. किल्लारीच्या माणसाला कुणी म्हणालं का, की दगडाची भिंत तू बांधलीस, मग मर? नाही म्हणालं, आणि म्हणूच नये. मग आपल्याला का म्हणतात?

हे सगळं आज लिहायचं कारण आहे. वरळीच्या एका ट्रस्टचं पत्र संघटनेकडे आलंय. पावसाआधी पाड्यांवर जुने कपडे, बिस्किटं आणि दूध पावडर वाटायची त्यांची इच्छा आहे. ‘गरजूंची यादी’ आपण द्यायची, कार्यक्रम घ्यायचा, फोटो काढायचे. काही साथी म्हणतात, येतंय तर घ्या. काही म्हणतात, भीक नको. दोघांचं ऐकून आम्ही आमचं मत मांडतो.

७२ चा दुष्काळ म्हाताऱ्यांना आठवत असेल. सुकडी खाल्ली, अमेरिकेचा लाल मिलो खाल्ला. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात सुमारे पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. लोक नुसते खडी फोडून गप्प बसले नाहीत. मोर्चे काढले, कामाचा हक्क मागितला. त्यातून रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मागितलं की द्यायचं, हे सरकारवर बंधन आलं.

त्याचा पैसा कुठून आला? १९७५ पासून पगारदारांकडून व्यवसाय कर कापतात, आणि तेवढीच भर सरकार आपल्या तिजोरीतून घालतं. म्हणजे वरळीचा कारकून दर महिन्याला आपल्याला मदत करतोच. त्याचा फोटो निघत नाही. आपणही त्याच्यापुढे वाकत नाही, कारण घाम गाळून मजुरी घेतो. आम्ही म्हणतो, मदत असावी तर अशी. पण पगारातून कापलेला हा पैसा कुठं जातो हे वरळीत किती जणांना ठाऊक असेल? ते आपणच त्यांना सांगायला पाहिजे. आणि दानाची लाज वाटणाऱ्या साथींनी हेही ध्यानात घ्यावं, की १९८२ च्या संपात हजारो गिरणी कामगार गावाला परतले, तेव्हा गावच्या भाकरीवरच त्यांनी दिवस काढले. देणंघेणं दोन्ही बाजूंनी झालेलं आहे.

म्हणून आमचं मत असं:

धान्य येत असेल तर घ्यावं. पावसात हमीची कामं बंद पडतात, खावटी वेळेवर मिळत नाही. आपल्या मानापायी एकही पोर उपाशी राहता कामा नये.

यादी आणि वाटप गावसभा करील. किती आलं, कुणाला गेलं, ते सगळ्यांसमोर वाचून दाखवील. पोरांना रांगेत उभं करून फोटो काढू देऊ नये. फाटके कपडे परत पाठवावेत. जे स्वतःच्या पोराला घालणार नाही ते आपल्या पोराला कशाला?

ट्रस्टच्या लोकांना पत्रातच कळवावं, की एक दिवस आमच्याबरोबर तहसीलवर चला. मागण्या दोनच आहेत. पाऊस पडायच्या आत खावटी मिळावी. आणि ३१ मार्च १९७८ च्या आधीपासून कसत असलेली वनजमीन नावावर करावी. सरकारचा तसा निर्णय असून १९८० च्या कायद्याचं कारण सांगून अडवून ठेवलं होतं. त्यातले पाच जण जरी आले, तरी बिस्किटांच्या ट्रकापेक्षा ते आपल्या जास्त कामाचे.

शेवटची गोष्ट. किल्लारीसाठी आपणही घरटी एक रुपया किंवा मूठभर नागली काढावी. “आपल्यालाच खावटी नाय, आपण काय द्यायचं?” असं काही पाड्यांवर बोलले. बोलणं खरं आहे. पण जो फक्त घेतो त्याची लोक कीव करतात. जो देतो त्याला हिशेब विचारता येतो. भूकंपाच्या निधीचं काय झालं हा प्रश्न उद्या विचारायचा, तर आपला रुपया त्यात असायला हवा.

येत्या गावसभेत हे वाचून दाखवा, भांडा, ठरवा. ज्या पाड्याचं मत वेगळं असेल त्यांनी लिहून पाठवावं. पुढच्या अंकात छापू.

जिंदाबाद!